बिनघोरच्या नाकातला स्पंज

१

शनिवारच्या चौथ्या शर्यतीत बिनघोर शेवटून दुसरी आली आणि स्टँडमधला कलकलाट नळ बंद केल्यासारखा थांबला. सलग पाच शर्यती मारलेली घोडी. लोकांनी तिच्यावर डोळे झाकून पैसे लावले होते. काय झालं ते क्षणभर कुणाला कळेचना. मग तिकिटं फाटायला लागली, आणि फाटक्या तिकिटांमागून शिव्या आल्या.

चौकशीबाई तोवर जिना उतरायला लागल्या होत्या. क्लबच्या कागदावर त्यांचा हुद्दा ‘चौकशी अधिकारी’ असा होता, पण जॉकींपासून झाडूवाल्यांपर्यंत सगळे गेली चोवीस वर्षं त्यांना चौकशीबाईच म्हणत. जिंकणारी घोडी हरली की चौकशी, हरणारी जिंकली की चौकशी. निवृत्तीला तीन महिने उरले होते. गुडघे त्याआधीच निवृत्त झाले होते. कठडा धरत धरत त्या उतरल्या आणि घोडे धुण्याच्या ओट्याकडे गेल्या.

बिनघोर तिथे मान टाकून उभी होती. श्वास घेताना शीळ घातल्यासारखा आवाज येत होता आणि उजव्या नाकपुडीतून रक्ताचा बारीक ओघळ लागला होता. तिची निगा राखणारा सईस, पन्नाशीचा, तोंडातून शब्द काढायला जड असलेला माणूस, तिच्या मानेला कपाळ टेकून उभा होता. पलीकडे ट्रेनर जॉकीला फैलावर घेत होता. तिशीही न गाठलेला जॉकी, तोंडभर धूळ, एकच वाक्य घोळवत होता: शेवटच्या वळणाआधीच तिचा दम संपला, मी काय करू.

तेवढ्यात घोड्यांचे डॉक्टर आले. ते आणि चौकशीबाई एकाच वर्षी नोकरीला लागलेले, आणि आता सारखेच थकलेले. डॉक्टर सरळ घोडीपाशी गेले. त्यांनी घोडीच्या गालावरून हात फिरवला, कोटाच्या आतल्या खिशातून वीतभर लांब चिमटा काढला, उजव्या नाकपुडीत सरकवला आणि हलकेच मागे ओढला. घोडी जागची हलली नाही. चिमट्याच्या टोकाला लिंबाएवढा पिवळा स्पंज होता, रक्ताने माखलेला.

घोडा तोंडाने श्वास घेत नाही. एक नाकपुडी बुजवली की घोडी धावते, पण जिंकत नाही. ही चाल जुनी आहे, आणि ती खेळायला घोडीच्या नाकापर्यंत हात पोचावा लागतो. म्हणजे माणूस आतलाच.

क्लबच्या सेक्रेटरींनी चौकशीबाईंना बाजूला घेतलं. सोमवारी दुपारी कमिटी बसणार होती, बाहेर वर्तमानपत्रवाले जमले होते, आणि कमिटीपुढे एक नाव जायला हवं होतं.

“नाव तसं उघडच आहे,” सईसाकडे बघत ते म्हणाले. “तुम्ही फक्त कागद तयार करा.”

२

चौकशीबाई थोरल्या बहिणीकडे राहत. संध्याकाळी घरी पोचल्या तेव्हा ताईने चहा पुढे ठेवला आणि सवयीने विचारलं, आज कोण पकडला? कुणी नाही, असं म्हणून बाईंनी पाय स्टुलावर टाकले. फोन दुपारपासून पर्समध्येच पालथा पडला होता. जेवताना तो वाजला होता, पण त्यांनी बघितला नव्हता. शनिवारी फोन वाजला की कुणाचं तरी गाऱ्हाणं असतं. आता बघितलं तर तीन कॉल राहिलेले: एक बँकेचा, एक ताईचा आणि एक डॉक्टरांचा, सव्वादोनचा. डॉक्टर तर नंतर भेटलेच होते. त्यांनी तिन्ही पुसून टाकले.

स्पंजाची डबी त्यांनी सोबत आणली होती. ताई नाक मुरडून आत गेल्यावर त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला. स्पंज ताजा होता, त्याला घाण वास नव्हता. म्हणजे शर्यतीच्या एक-दोन तास आधी घातलेला. आणि त्याच्या मध्यावर, चारही बाजूंनी, एक बारीक खोल खाच होती. करदोट्याने कमरेवर वळ उठावा तशी. तिथे दोरा बांधलेला होता. तो आता नव्हता.

त्या बराच वेळ त्या खाचेकडे बघत राहिल्या. घोडीचं वाईट करायला निघालेला माणूस स्पंज कोंबतो आणि पळतो. दोरा बांधतो तो, ज्याला तो परत बाहेर काढायचा असतो.

३

रविवारी सकाळी त्यांनी आधी ट्रेनरला गाठलं. तो आपल्या ऑफिसात, भिंतीवरच्या ढालींखाली, बिनघोरचा बाप असल्याच्या थाटात बसला होता. सईसाचं नाव त्याने आपण होऊन घेतलं. मुलीच्या लग्नाचं काढलंय त्याने, माणूस गरजेपोटी काय करेल सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं. घोडी शर्यतीआधी ठीक होती का, असं बाईंनी विचारलं तेव्हा तो जरा जास्तच जोरात ‘ठणठणीत’ म्हणाला. मग डॉक्टरांवर घसरला. महिन्यापूर्वी त्यांनी त्याचा दुसरा घोडा शर्यतीच्या तासभर आधी पाय गरम लागतो, आत हाडाला इजा असेल म्हणून बाद केला. लोकांनी खुर्च्या मोडल्या, आणि एक्स-रेत काहीच निघालं नाही.

“बरं झालं, तुम्ही तो नियम केलात,” तो म्हणाला. “आता शेवटच्या तीन तासांत एकट्या डॉक्टरांच्या शब्दावर घोडा बाद होत नाही. सेक्रेटरींची किंवा तुमची सही लागते. नाहीतर रोज तमाशा.”

त्या ठरावावर चौकशीबाईंचीही सही होती.

जॉकी व्यायामशाळेच्या पायरीवर एकटाच बसला होता. त्याला सगळ्यांनी वाळीत टाकल्यासारखं केलं होतं. त्याने शर्यत पहिल्यापासून सांगितली: सुटताना घोडी नेहमीसारखी उसळली, मग मध्यावर श्वासाला आवाज यायला लागला, आणि त्याने लगाम सैल सोडून चाबूक खाली केला. मरेस्तोवर पळवायला ती काही मोटारगाडी नव्हे, असं तो म्हणाला. मग आपण होऊन भावाचा विषय काढला. त्याचा थोरला भाऊही जॉकी होता. गेल्या वर्षी याच मैदानावर, याच वळणावर, त्याच्या घोड्याच्या पायाचं हाड मोडलं आणि घोडा त्याच्या अंगावर पडला. त्या घोड्याला सकाळी डॉक्टरांनीच पास केलं होतं.

“आम्ही त्यांना बोल लावला नाही,” जॉकी म्हणाला. “पण ते अजून दर महिन्याला आईला भेटायला येतात. बसतात, पाणी पितात, जातात. आईच त्यांची समजूत घालते.”

चौकशीबाई उठल्या. सेक्रेटरींचा निरोप आला होता: सईसाला तबेल्यात जायला मनाई केली आहे, आणि घोडीने सकाळपासून दाण्याला तोंड लावलेलं नाही.

४

सईस फाटकाबाहेर बाकावर बसला होता, मांडीवर घोडीला घासायचा खरारा घेऊन. तो त्याच्याकडून काढून घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बाई शेजारी बसल्या. थेट विचारलं तर हा माणूस मिटून जाईल हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्या घोडीबद्दलच बोलत राहिल्या. स्वभावाने कशी आहे, चावते का.

चावते म्हणजे काय, सईस म्हणाला. ट्रेनरसाहेबांचं तर बोटच जायचं होतं. मी तोंडात लगाम घालतो तो चालतो, पण नाकाला हात लावला की मलासुद्धा सोडत नाही. फक्त डॉक्टर तपासणीची नळी घालतात तेव्हा लाकडासारखी उभी राहते. आठवड्याला एकदा नळी जाते नाकात, लहानपणापासून. तिला त्यांच्या हाताची सवय आहे.

शनिवारी तिला एकटी सोडली होती का? नाही. मग म्हणाला, एकदाच. अडीचच्या सुमारास डॉक्टर शेवटची तपासणी करायला परत आले, त्यांनी कोरडा टॉवेल मागितला, तो आणायला गेलो. दोन मिनिटं. तेव्हा डॉक्टर होतेच की जवळ.

बाईंनी विचारलं, आणखी काही सांगायचं राहिलंय का. सईस खराऱ्यातले केस एकेक करून उपटत राहिला. शेवटी बोलला. शनिवारी सकाळी घोडीचा पुढचा डावा पाय गुडघ्याखाली कोमट लागत होता. लंगडत नव्हती, पण गरम होता. त्याने ट्रेनरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ऊन लागलं असेल, आणि हे बाहेर बोललास तर उद्यापासून येऊ नकोस. मग त्याने ओली पट्टी बांधली, आणि डॉक्टर आले तेव्हा फक्त पायाकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला. मग घाईघाईने निघून गेले.

“माझं काय व्हायचं ते होवो, मॅडम,” सईस म्हणाला, “पण तिला दाण्यात थोडा गूळ घालून द्यायला सांगा. त्याशिवाय ती खात नाही.”

बाईंनी लगेच तबेल्यात फोन करून ते सांगितलं. आणि मग सेक्रेटरींनी दिलेली यादी पर्समधून काढली. बिनघोरवर नेहमी लावणाऱ्या, पण या वेळी दुसऱ्या घोड्यावर मोठी रक्कम लावून जिंकलेल्या माणसांची. यादीत नाव एकच होतं, आणि ते त्यांच्या चांगल्या ओळखीचं निघालं.

५

त्याला सगळे पेन्सिल म्हणत. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेला, आता निवृत्त. कानावर पेन्सिल अडकवून दर शनिवारी पॅडॉकच्या कुंपणाशी उभा राहायचा. पॅडॉक म्हणजे शर्यतीआधी घोडे लोकांसमोर फिरवतात ते गोल अंगण. त्याच्या एका खोलीत भिंतभर शर्यतींची पुस्तकं रचलेली होती, तीस वर्षांची. बाईंनी सहज एक उघडलं. आत शर्यतींच्या नोंदी नव्हत्या, छपाईच्या चुका दुरुस्त केलेल्या होत्या.

आपल्यावर संशय आहे हे कळल्यावर पेन्सिल दुखावला नाही, जरा सुखावलाच. इतक्या वर्षांत कुणी त्याला एवढं महत्त्व दिलं नव्हतं. बिनघोर सोडून दुसऱ्या घोड्यावर का लावले, याचं उत्तर त्याने सरळ दिलं.

“मला घोड्यातलं काही कळत नाही, मॅडम. मी घोडे बघत नाही, घोडे बघणाऱ्यांना बघतो. डॉक्टर एरवी पॅडॉकमध्ये सगळ्या घोड्यांवरून नजर फिरवतात. शनिवारी ते एकाच घोडीच्या एकाच पायाकडे बघत होते. आणि ती मैदानात निघाली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. म्हटलं, आज हिच्यावर नको.”

बाई बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या. तिथेच त्यांनी एकेकाचा हिशेब मांडला.

ट्रेनरला घोडी हरवायची असती तर त्याने तिला आठवडाभर कमी पळवलं असतं, कुणाला पत्ताही लागला नसता. सईसाने निघण्याआधी बादलीभर पाणी पाजलं असतं, पोट जड झालं की घोडी आपोआप मागे पडते. जॉकीच्या तर हातातच लगाम होता. तिघांपाशीही सोपा, न दिसणारा मार्ग होता. स्पंज त्यालाच लागतो, ज्याच्या हातात यातलं काहीच नाही आणि वेळही उरलेला नाही.

आणि तो चिमटा. शर्यतीच्या दिवशी डॉक्टरांच्या पिशवीत काय काय असतं, त्याची यादी बाईंच्याच कपाटात होती. इंजेक्शनं, पट्ट्या, कात्री. लांब चिमटा दवाखान्यात असतो, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, चालत दहा मिनिटांवर. शर्यत संपल्यापासून स्पंज निघेपर्यंत सात मिनिटंसुद्धा झाली नव्हती. नाकात काय आहे ते कुणालाच ठाऊक नसताना डॉक्टर चिमटा खिशात घालून आले होते.

मग त्यांना तो सव्वादोनचा कॉल आठवला, आणि त्या थेट दवाखान्याकडे निघाल्या.

६

डॉक्टर दवाखान्यातच होते. बिनघोरच्या पायाचा एक्स-रे त्यांनी प्रकाशाच्या काचेवर लावला होता आणि समोर खुर्ची टाकून बसले होते. बाईंना बघून उठले नाहीत.

“काही दिसत नाही,” ते म्हणाले. “स्वच्छ आहे. या वेळीही.”

बाईंनी स्पंजाची डबी टेबलावर ठेवली. त्यांना वाटलं होतं, आपल्याला एकेक पुरावा मांडावा लागेल. तशी वेळ आली नाही. दोऱ्याचं नाव काढताच डॉक्टरांनी खण उघडून टाके घालायच्या रेशमाचा तुकडा पुढे केला. स्पंज डबीत टाकताना त्यांनी तो सोडवून मुठीत लपवला होता, पण फेकवला नव्हता त्यांच्याने.

त्यांनी सगळं सांगितलं, एखाद्या दुसऱ्याच माणसाबद्दल बोलावं तसं. तळव्याला तीच ऊब लागली, जी गेल्या वर्षी त्या घोड्याच्या पायाला लागली होती. तेव्हा त्यांनी ती सोडून दिली होती. या वेळी ते धावत सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरींनी विचारलं, लंगडते का? नाही. मग मागच्यासारखा तमाशा नको, म्हणून सही नाकारली.

“मग मला फोन केलात,” बाई म्हणाल्या.

“केला.”

“मी जेवत होते. वाजलेला ऐकला. घेतला नाही.”

डॉक्टरांनी मान हलवली. त्यात राग नव्हता, उलट बाईंचीच कीव होती, आणि ती बाईंना रागापेक्षा जास्त लागली.

जॉकीला का सांगितलं नाही, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगितलं असतं तर त्याला घोडी मुद्दाम मागे ठेवावी लागली असती. मग चौकशी त्याची झाली असती, तुम्हीच केली असती, आणि त्याचं रायडिंग कायमचं बंद झालं असतं. त्या घरातला एक मुलगा माझ्या सहीने गेला. दुसऱ्याची भाकरी पण मीच काढून घेऊ? हा पठ्ठ्या घोडीचा श्वास ऐकतो, हे मला माहीत होतं. दम गेला की तो जोर लावणार नाही, आणि जोर लागला नाही तर हाड टिकेल. एवढाच विचार होता. तोही धड नव्हता. घोडी कोसळली असती तर? ते मला ती मैदानात निघाल्यावर सुचलं.

“आणि सईस?” बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. “तो सकाळपासून फाटकाबाहेर बसलाय. त्याच्यावर ढकलून मोकळे होणार होतात?”

“उद्या कमिटीपुढे जाऊन सांगणार होतो,” डॉक्टर म्हणाले. मग थोड्या वेळाने, “असं स्वतःला सांगत होतो. खरंच गेलो असतो का, ते आता कळायचं नाही. तुम्ही आधी आलात.”

खिडकीतून मैदान दिसत होतं. मजूर गवतातले टापांचे खड्डे मातीने बुजवत होते.

चौकशीबाईंनी अहवाल तिथेच बसून लिहिला. डॉक्टरांचं नाव लिहिलं, चिमटा लिहिला, टॉवेलची दोन मिनिटं लिहिली. ट्रेनरने सईसाला दिलेली धमकी लिहिली. सेक्रेटरींनी नाकारलेली सही लिहिली. सव्वादोनला वाजलेला फोन आपण ऐकूनही उचलला नाही, हे वेगळ्या परिच्छेदात लिहिलं, आणि ज्या नियमावर आपली सही आहे तो रद्द करावा, असं शेवटी लिहिलं. मग डॉक्टरांना वाचून दाखवलं. त्यांनी एका ठिकाणी फक्त औषधाच्या नावातली चूक सुधारली.

कमिटीने अहवालातलं निम्मं मानलं. डॉक्टरांचा परवाना गेला. सईस त्याच संध्याकाळी तबेल्यात परत गेला. ट्रेनरला समज देण्यात आली, म्हणजे चहा पाजून दोन शब्द सुनावण्यात आले. सेक्रेटरी आपल्या जागी राहिले. नियमाचा विचार करायला उपसमिती नेमली गेली, आणि चौकशीबाईंना उरलेले तीन महिने रजेवर जाण्याचा सल्ला मिळाला. त्यांनी तो मानला नाही.

कारण एक काम राहिलं होतं. हाडाची बारीक चीर कधी कधी पहिल्या दिवशी एक्स-रेत उमटत नाही, हाड भरायला लागलं की दहा-बारा दिवसांनी दिसते, हे डॉक्टरांनीच त्यांना कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. बाराव्या दिवशी त्यांनी नव्या डॉक्टरकडून, कुणाला न विचारता, बिनघोरच्या पायाचा दुसरा एक्स-रे काढून घेतला. आणि लिफाफा घेऊन त्या जुन्या डॉक्टरांच्या घरी गेल्या.

डॉक्टर बाल्कनीत वर्तमानपत्र उलटं घडी घालून बसले होते, न वाचता. बाईंनी एक्स-रे त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो आकाशाकडे धरला. नळीच्या हाडावर मधोमध, केसाएवढी, तिरपी रेघ होती. पूर्ण जोराने शेवटचं वळण घेतलं असतं तर तिथेच मोडलं असतं.

त्यांनी त्या रेघेवरून नखाचं टोक फिरवलं. बाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

“बरं वाटलं?” त्यांनी विचारलं.

“वाटलं होतं, बरं वाटेल,” डॉक्टर म्हणाले. मग एक्स-रे खाली ठेवून त्यांनी दुसरी खुर्ची ओढली. “बसा. लिहून घ्या. दोन महिने तिला बंद खोलीतून बाहेर काढायचं नाही. दाणा निम्मा. पट्टी कुठून कुठे, ते मी सांगतो.”

बाई बसल्या. त्यांनी लिफाफा मांडीवर पालथा घातला आणि पेन उघडलं. डॉक्टर सावकाश सांगत गेले, आणि त्या आपल्या अक्षरात लिहीत गेल्या, कारण डॉक्टरांचं अक्षर त्या मैदानावर आता चालणार नव्हतं.